घसरलेला स्क्रू आणि तडकलेलं पॅनल

दुचाकीवरच्या स्क्रूचं डोकं एका झटक्यात खराब होत नाही. आधी ड्रायव्हर किंचित वर उचलला जातो, 'कट्' असा आवाज येतो आणि फुलीच्या खाचेच्या कडेवर चकचकीत ओरखडा उमटतो. तिथेच हात थांबला तर स्क्रू अजून हातात आहे. आणखी दोन-तीन वेळा घसरला की खाचेची वाटी होते. मग पुढचा प्रत्येक उपाय अवघड होतो, कारण प्रत्येक उपायाला पकडण्यापुरता धातू शिल्लक लागतो. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. कमी नुकसानीचं आधी, ड्रिल सगळ्यात शेवटी.

प्लास्टिकचा विषय याच्याशीच बांधलेला आहे. पॅनल आपटून तडकतं ते वेगळं, पण कानाजवळ, म्हणजे स्क्रूच्या भोकाजवळ गेलेली चीर बहुतेक वेळा स्क्रूमुळेच पडलेली असते. तो जास्त आवळलेला असतो, नाहीतर त्याखालची कॉलर (छोटी लोखंडी नळी) हरवलेली असते, नाहीतर त्याला नको ते रसायन लावलेलं असतं.

फुली फुलीत फरक असतो

स्प्लेंडर, शाइन, जुनी आरएक्स १०० अशा जपानी आराखड्याच्या गाड्यांवर जे फुलीचे स्क्रू दिसतात ते जपानी मानकाचे, म्हणजे जेआयएस प्रकारचे असतात. हार्डवेअरच्या दुकानात 'स्टार' म्हणून मिळणारा ड्रायव्हर बहुधा फिलिप्स प्रकारचा असतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण फिलिप्सचं टोक जास्त निमुळतं आणि कोपरे गोलसर असतात. जेआयएस खाचेत ते तळाला आधी टेकतं, त्यामुळे पाती कडांवर पूर्ण बसत नाहीत आणि जोर लावला की ड्रायव्हर वर चढतो. स्क्रूच्या डोक्यावर एका बाजूला बारीक ठिपका किंवा खळगा दिसला तर तो जेआयएस समजा. व्हेसलसारख्या जपानी कंपन्यांचे ड्रायव्हर ऑनलाइन मिळतात आणि ते फिलिप्स स्क्रूलाही चालतात. तो नसेल तर जुन्या फिलिप्स बिटचं टोक ग्राइंडरवर अर्धा मिलिमीटर घासून चपटं केलं तरी बराच फरक पडतो. घासताना बिट पाण्यात बुडवत राहा, निळं पडलं तर त्याचा कडकपणा गेला.

मापही बघा. ४ आणि ५ मिलिमीटरच्या स्क्रूला २ नंबरचं बिट लागतं, ६ च्या स्क्रूला ३ नंबरचं. इंजिनच्या साइड कव्हरवरचे ६ चे स्क्रू २ नंबरच्या ड्रायव्हरने काढायला जाणं हे स्क्रू खराब होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. बिट खाचेत ठेवून हलवून बघा, डुगडुगलं तर माप चुकलं.

खाचेत चिखल, रंग किंवा गंज असेल तर टाचणीने खरवडून काढा. मग ड्रायव्हर स्क्रूच्या अगदी सरळ रेषेत धरा. ताकदीचे दहा भाग धरले तर सात दाबायला आणि तीन फिरवायला.

अडलेला स्क्रू, क्रमाने

पहिलं काम ठोकण्याचं. बिट खाचेत बसवून ड्रायव्हरच्या मागे हातोडीने चार-पाच खणखणीत ठोके द्या, फिरवू नका. आट्यांमधला गंजाचा थर त्याने तडकतो आणि बिट खाचेत नीट रुतून बसतं. ड्रायव्हर मात्र आरपार दांड्याचा हवा, नाहीतर मूठ फुटते.

मग पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे गंजात झिरपणारं तेल. एक फवारा मारून लगेच ड्रायव्हर लावण्यात अर्थ नाही. तेल, पंधरा मिनिटं, ठोके, पुन्हा तेल, असं दोन-तीनदा करा. रात्रभर राहू दिलं तर उत्तमच. इथे एक धोका. काही मेकॅनिक ब्रेक ऑइल आट्यांत सोडतात. ते रंग उठवतं आणि एबीएस व पॉलिकार्बोनेट या गाडीवरच्या प्लास्टिकांना चिरा पाडतं. पॅनलच्या जवळपास ते आणूच नका.

तेलाने काम झालं नाही तर उष्णता. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. तापमान १०० अंशांनी वाढवलं तर ६ मिलिमीटरच्या स्क्रूभोवतीचं भोक स्क्रूपेक्षा सहा-सात मायक्रॉन जास्त मोठं होतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. म्हणून हीट गनने स्क्रू नाही, त्याच्या भोवतीचं ॲल्युमिनियम तापवायचं. आट्यांना थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा गोंद, लावलेलं असेल तर गणित वेगळं. लाल रंगाचं पक्कं थ्रेडलॉक सुटायला अडीचशे अंशांच्या आसपास जावं लागतं. स्क्रू प्लास्टिकमध्ये किंवा रबराशेजारी असेल तर हीट गन अजिबात नको. त्याऐवजी सोल्डरिंग आयर्नचं टोक दीड-दोन मिनिटं स्क्रूच्या डोक्यावर टेकवून ठेवा, उष्णता जिथे हवी तिथेच जाते. पेट्रोलची टाकी, कार्ब्युरेटर किंवा नुकत्याच फवारलेल्या क्लीनरजवळ यातलं काहीही करू नका. टाकी उतरवून लांब ठेवा आणि वास गेल्यावरच सुरुवात करा.

खाच थोडीच घासली असेल तर व्हॉल्व्ह घासायची ग्राइंडिंग पेस्ट बिटाच्या टोकाला मुगाएवढी लावा. तिच्यातले खडे बिट आणि खाच यांच्यामध्ये रुततात आणि घसरण कमी होते. रबर बँड मध्ये ठेवायची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. ती लाकडातल्या ढिल्या स्क्रूला ठीक आहे, इंजिनवरच्या अडलेल्या स्क्रूला तिचा उपयोग नाही.

त्यानंतर इम्पॅक्ट ड्रायव्हर. बॅटरीवर चालणारा नव्हे, हातोडीने ठोकायचा. त्याची दिशा उलटी करा, बिट खाचेत बसवा, त्याची मूठ हाताने उलट दिशेला ताणून धरा आणि अर्धा-पाऊण किलोच्या हातोडीने एकच जोरदार घाव घाला. दाब आणि वळण एकाच वेळी मिळतं, त्यामुळे बिटाला वर चढायला सवडच मिळत नाही. चार दबकते ठोके देण्यापेक्षा एक पुरा घाव चांगला. क्लच कव्हर, मॅग्नेट कव्हर, डिस्क प्लेटचे बोल्ट ही याची जागा. कार्ब्युरेटर, हँडलवरचे भाग, प्लास्टिकवर बसवलेलं काहीही यावर हा वापरला तर स्क्रूच्या आधी तो भागच फुटतो.

डोकं कव्हरच्या वर उठलेलं असेल तर आता व्हाइस ग्रिप, म्हणजे जबडा अडकून राहणारी पक्कड. नुसतं दाबून न धरता जबडा इतका घट्ट लावा की मूठ बंद होताना हाताला जोर पडेल. कार्ब्युरेटरच्या बाऊलचे ४ चे स्क्रू असेच काढावेत, कार्ब्युरेटर गाडीवरून उतरवून, बाकावर. डोकं जाड असेल तर हॅक्सॉने आडवी खाच पाडून चपटा ड्रायव्हर लावता येतो. नाहीतर डोक्याच्या कडेला बोथट छिन्नी तिरपी टेकवायची आणि उलट दिशेने ठोके मारायचे. डोकं विद्रूप होतं, पण बहुतेक वेळा फिरतं.

ऍलन बोल्टचा षटकोन गोल झाला असेल तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे टॉर्क्स बिट, म्हणजे सहा पाकळ्यांची चांदणी, ठोकून बसवणं. ४ च्या ऍलनला टी २५, ५ च्याला टी ३० आणि ६ च्याला टी ४०. बिट किंचित मोठं असतं म्हणूनच ते कोपऱ्यांत रुततं. ठोकून पूर्ण खोल जाऊ द्या आणि मगच पाना लावा. बोल्ट निघाला की तो टाकूनच द्यायचा.

नट वेल्ड करणं हा फार खात्रीचा उपाय आहे आणि कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला तो पाच मिनिटांत करून देतो. मोडलेल्या डोक्यावर एक मापाने मोठा नट ठेवून आतून टाका मारायचा. नट पकडायला मिळतो, शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने आटेही सुटतात. गार होऊ द्या, लालभडक असताना पाना लावला तर टाका तुटतो. त्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस ६ गाड्यांवर इंजेक्शनचा ईसीयू, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा डबा, असतो, त्याचा कनेक्टरही सोडवून ठेवा. अर्थिंगची क्लॅम्प त्याच भागाला, अगदी जवळ लावायची.

डोकं उडवायचं तर

इथवर काहीच चाललं नाही तर ड्रिल. बोल्ट आवळताना लावलेल्या जोराचा जवळपास अर्धा भाग डोक्याखालच्या घर्षणातच जातो. डोकं उडालं की ते घर्षण आणि ताण दोन्ही संपतात, आणि आतला दांडा पुष्कळदा पक्कडीनेच फिरून येतो. म्हणून दांड्यात भोक पाडायची घाई करू नका, आधी फक्त डोकं उडवा.

सेंटर पंचने मधोमध खूण करा. ती चुकली तर पुढचं सगळं चुकतं. ३ मिलिमीटरच्या बिटाने सुरुवात करा आणि मग ६ च्या स्क्रूसाठी ६ ते ६.५ चं बिट घ्या. डोकं कडीसारखं सुटून बिटावर फिरायला लागेल. कव्हर उचललं की जो दांडा वर राहतो, त्याला तेल आणि व्हाइस ग्रिप.

हे काम सगळ्यात जास्त वेळा करावं लागतं ते पुढच्या ब्रेकच्या तेलाच्या टाकीवर, म्हणजे हँडलवरच्या मास्टर सिलिंडरच्या झाकणावर. त्यावरचे दोन ४ चे स्क्रू खोलगट बसणारे, मऊ पोलादाचे, आणि पावसाचं पाणी नेमकं त्यांच्या खाचेत साचतं. इथे इम्पॅक्ट ड्रायव्हर नको, घाव हँडलच्या क्लॅम्पवर बसतो. २ नंबरचं जेआयएस बिट, लहान हातोडीचे हलके ठोके आणि तेल, एवढं करून बघा. नाहीच निघाला तर आजूबाजूला ओलं फडकं गुंडाळा, टाकी आडवी राहील असं हँडल वळवा आणि ४ ते ४.५ च्या बिटाने डोकं उडवा. दोन्ही डोकी उडाल्यावर झाकण उचला, पण त्याखालचं रबर डायफ्रॅम तसंच राहू द्या. चुरा आधी व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने पुसून घ्या. एक कणही तेलात गेला तर मास्टर सिलिंडरच्या सीलवर ओरखडे पडतात. दांडे झाकणाच्या जाडीइतके वर आलेले असतात, ते व्हाइस ग्रिपने सहज निघतात. नवे स्क्रू त्याच लांबीचे, स्टेनलेस ऍलन घ्या, २.५ ची की लागते. आट्यांना ग्रीसचा पुसट हात फिरवा. आवळायला साधारण दीड न्यूटन-मीटर पुरे, म्हणजे चावीचा आखूड पाय दोन बोटांत धरून. यांना फक्त रबर दाबायचं असतं. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर फडक्याने पसरवू नका, भरपूर पाणी ओता.

दांडा आतच मोडला असेल तर उलट्या फिरण्याचं ड्रिल बिट शोधा. भोक पाडता पाडता दांडा स्वतःच फिरून बाहेर येण्याची चांगली शक्यता असते. ईझी-आउट म्हणून जो निमुळता एक्स्ट्रॅक्टर मिळतो त्याबद्दल मात्र सावध राहा. तो फार कडक आणि म्हणूनच ठिसूळ असतो. आत मोडला तर साधं ड्रिल त्यावर नुसतं सरकतं आणि काम थेट इंजिनिअरिंग वर्कशॉपकडे जातं. जो बोल्ट गंजल्यामुळे मोडला तो ईझी-आउटने फिरेल अशी आशा धरू नये. जो नुसता जास्त आवळून मोडला तो फिरतो.

भोकाचे आटे गेले तर

आवळताना बोल्ट घट्ट होत होत अचानक सैल फिरायला लागला तर ॲल्युमिनियमचे आटे खाल्ले गेले. ऑइल ड्रेन बोल्टवर हे नेहमी होतं. वॉशर बदललेला नसतो, थेंब गळतो, म्हणून बोल्ट आणखी आवळला जातो, आणि एक दिवस आटे बोल्टाबरोबर तारेसारखे बाहेर येतात. ओव्हरसाइझ बोल्ट मिळतो, पण तो स्वतःच आटे कापत जातो. तिरपा गेला तर चेंबरच, म्हणजे इंजिनचं कवचच, कामातून जातं. हेलिकॉइल, म्हणजे स्टेनलेस तारेची स्प्रिंग बसवून नवे आटे करणं, हा टिकाऊ उपाय.

६ च्या आट्याला साधारण ६.३ चं ड्रिल लागतं, ८ च्याला ८.३ ते ८.४, पण किटमध्ये आलेलंच बिट वापरा. त्यातला टॅपही, म्हणजे आटे कापायचं हत्यारही, खास असतो, साधा ६ चा टॅप इथे चालत नाही. बिट आणि टॅपच्या खोबणींत ग्रीस भरा, चुरा त्यात अडकून राहतो. टॅप अर्धा वळसा पुढे, पाव वळसा मागे. सरळ जातोय की नाही ते दोन दिशांनी गुण्या लावून बघा. स्प्रिंगची लांबी आट्याच्या व्यासाच्या दीडपट घ्या, म्हणजे ६ ला ९ मिलिमीटर आणि ८ ला १२. ती पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा वळसा खाली गेली पाहिजे, वर राहिली तर बोल्ट तिला उचलतो. तळाची शेपटी पंचने ठोकून तोडायची आणि लांब नाकाच्या पक्कडीने बाहेर काढायची. ड्रेन होलचं काम असेल तर शेवटी बोल्ट न लावता शंभर-दोनशे मिलिलिटर स्वस्त तेल वरून ओतून वाहू द्या, राहिलेला चुरा निघून जाईल.

दुकानात बोल्ट मागताना एक गोंधळ हमखास होतो. 'दहाचा बोल्ट' म्हणजे दहाचा पाना लागणारा, त्याचे आटे ६ चे असतात. 'आठचा' म्हणजे बहुधा ५ चे आटे, पण लहान डोक्याच्या फ्लँज बोल्टला ६ चे आटे असूनही आठचाच पाना लागतो. जुना बोल्ट सोबत न्या.

प्लास्टिक काढतानाच मोडतं

पॅनल ओढून निघत नसेल तर ते कुठेतरी अजून अडकलेलं आहे. स्क्रू सीटखाली, स्टिकरमागे किंवा फूटमॅटखाली लपलेले असतात. स्कूटरवर तर एका पॅनलचा स्क्रू दुसऱ्या पॅनलच्या मागे असतो, म्हणून काढण्याचा क्रम सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून घ्या. स्क्रू संपल्यावर उरतात त्या खुंट्या आणि रबराच्या वाट्या. मोटरसायकलच्या साइड पॅनलला बहुधा अशा दोन-तीन असतात. खुंटी ज्या दिशेला आहे त्याच दिशेला, खुंटीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढायचं. एका टोकाला धरून दारासारखं उघडायला गेलं की खुंटी मुळाशी मोडते. रबर कडक झालं असेल तर साबणाचं पाणी सोडा. थंडीच्या सकाळी हे काम टाळा, किंवा पॅनल थोडं उन्हात ठेवा. गार प्लास्टिक वाकत नाही, तुटतं.

कोणतं प्लास्टिक, ते आधी

पॅनलच्या आतल्या बाजूला रोमन अक्षरांत कंसासारख्या दोन खुणांमध्ये नाव कोरलेलं असतं: एबीएस, पीपी (पॉलिप्रॉपिलीन), पीसी (पॉलिकार्बोनेट), पीए (नायलॉन). रंगवलेली बाहेरची पॅनलं, टेल कव्हर, हेडलाइटची व्हायझर बहुधा एबीएस. मडगार्ड, चिखल अडवणारे काळे भाग, सीटखालचा ट्रे बहुधा पीपी. हेडलाइटची काच पीसी. नाव सापडलं नाही तर लपलेल्या बरगडीचा तुकडा कापून पाण्यात टाका. पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. शिवाय ऍसिटोनचा थेंब टाकला की एबीएस चिकट होतं, पीपीला काहीच होत नाही.

हे बघायचं कारण एवढंच की कुठला उपाय लागू पडेल हे चिकटवायचं सामान ठरवत नाही, प्लास्टिक ठरवतं. अरल्डाइट आणि एम-सील पीपीवर धरतच नाहीत, चार दिवसांत पापुद्र्यासारखे निघतात. फेव्हिक्विक एबीएसला पटकन धरतं, पण सांधा काचेसारखा ठिसूळ होतो. गाडी हादरते तिथे तो टिकत नाही. कडा जुळवून तात्पुरत्या धरून ठेवायला मात्र ते चांगलं.

एबीएसची चीर

पॅनल साबणाने धुऊन वाळवा. चीर जिथे संपते तिथे, टोकाच्या अगदी किंचित पुढे, २ मिलिमीटरचं भोक पाडा. चिरेच्या टोकाला सगळा ताण एकवटतो, गोल भोकाने तो वाटला जातो आणि चीर पुढे सरकत नाही. ही पायरी गाळली तर दुरुस्ती टिकते आणि तिच्या शेजारी नवी चीर निघते.

भरायला प्लास्टिकचीच खीर करायची. त्याच पॅनलच्या मोडक्या भागाचे किंवा भंगारातल्या एबीएसचे बारीक तुकडे काचेच्या बरणीत घ्या, ते बुडून थोडं वर राहील इतकं ऍसिटोन ओता आणि झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी मधासारखं दाट झालेलं हवं. पातळ झालं तर तुकडे वाढवा. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, काहींत ऍसिटोन नसतंच आणि ज्यांत असतं त्यांत तेल, अत्तर मिसळलेलं असतं. ऍसिटोन झटकन पेट घेतं, म्हणून काम उघड्यावर करा, गॅस-उदबत्तीपासून लांब.

बाहेरून कडा जुळवून टेप लावा. आतल्या बाजूने चिरेवर इंग्रजी व्ही आकाराची चर पाडा, जाडीच्या दोन तृतीयांश खोल. दोन्ही बाजूंना २ सेंटिमीटर खरवडून घ्या. चरीत ब्रशने नुसतं ऍसिटोन फिरवा, अर्ध्या मिनिटात पृष्ठभाग चिकट होतो, मग खीर भरा. थर एक-दीड मिलिमीटरचेच द्या. जाड थराची वरची साय वाळते आणि आत ऍसिटोन अडकून बुडबुडे राहतात. दोन थरांत काही तास जाऊ द्या आणि गाडीवर बसवायच्या आधी पूर्ण एक दिवस. खीर वाळताना आकसते, त्यामुळे शेवटचा थर किंचित वर ठेवून मग घासा. रंगाच्या बाजूला थेंबही जाऊ देऊ नका, रंग लगेच उठतो.

जिथे ताण पडतो, म्हणजे कान, खुंटीचं मूळ, पॅनलची वळणं, तिथे नुसती खीर पुरत नाही. खिडकीच्या मच्छरजाळीची स्टेनलेस जाळी मिळते, तिचा चिरेच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन सेंटिमीटर जाईल एवढा तुकडा कापा. ४० ते ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न जाळीवरून हळूहळू दाबत न्या. प्लास्टिक जाळीच्या डोळ्यांतून वर येतं आणि ती अर्ध्या जाडीपर्यंत रुतते. त्याहून खोल गेलं तर बाहेरच्या रंगावर फोड उमटतो. वरून खिरीचा थर. एबीएस तापवताना निघणारा धूर छातीत जाऊ देऊ नका, पंखा लावा, तोही पाठीमागून.

कान पूर्ण मोडून हरवला असेल तर ६ चा मोठा वॉशर मध्ये धरून भोवती जाळीचा सांगाडा करा, त्याला खिरीने आकार द्या आणि वाळल्यावर भोक मोकळं करा.

पीपीला हे काहीच लागू नाही. ते वितळवूनच जोडावं लागतं, तेही पीपीच्याच कांडीने. बाटल्यांची टोपणं, बादल्या असलं काही वापरू नका, त्या वेगळ्या प्लास्टिकच्या असू शकतात. त्याच भागाच्या आतली एखादी अनावश्यक बरगडी कापून तिची कांडी करावी. आयर्न इतकंच गरम हवं की प्लास्टिक वितळेल पण धूर निघणार नाही. मडगार्डसारख्या न दिसणाऱ्या भागाला सरळ टाके घाला. चिरेपासून ८ ते १० मिलिमीटरवर दोन्हीकडे ३ मिलिमीटरची भोकं, त्यांतून केबल टाय. दिसायला गोधडी, पण पावसाळाभर टिकते.

हेडलाइटच्या पॉलिकार्बोनेट काचेला ऍसिटोन लावू नका, ती जागच्या जागी जाळीसारखी चिरते. ती बदलायचीच.

बसवताना

पॅनलच्या भोकात रबरी ग्रोमेट आणि त्याच्या आत छोटी लोखंडी नळी असते, तीच कॉलर. स्क्रू आवळला की तो कॉलरवर टेकतो आणि प्लास्टिक रबरामध्ये मोकळं तरंगतं. काढताना कॉलर गळून पडते, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि पुढच्या वेळी स्क्रूचं डोकं थेट प्लास्टिकवर आवळलं जातं. काही दिवसांत हादऱ्याने कान तुटतो. हरवलेल्या कॉलरऐवजी योग्य लांबीची नळी कापून घाला, वॉशर हा तिला पर्याय नाही.

पॅनलच्या स्क्रूला निळं किंवा लाल थ्रेडलॉक कधीही लावू नका. स्क्रू सुटू नये म्हणून केलेल्या या उपायाने एबीएस आणि पीसी ताणाखाली चिरतात, कान आठवड्याभरात आपोआप गळतो आणि दोष आपटण्यावर जातो. सैल होत असेल तर यू क्लिप, म्हणजे स्क्रू ज्यात बसतो ती पत्र्याची क्लिप, बदला.

प्लास्टिकमध्ये थेट जाणारा सेल्फ टॅपिंग स्क्रू आधी उलटा फिरवा. तो जुन्या आट्यात 'टक्' करून खाली बसल्याचं बोटांना कळतं. मग सुलटा आवळा. दर वेळी सरळ आवळला तर तो नवे आटे कापत जातो आणि चौथ्या-पाचव्या वेळी भोक मोकळं होतं. तसं झालं तर एबीएसमध्ये खीर भरून पुन्हा बारीक भोक पाडा, किंवा ४.२ च्या जागी ४.८ चा स्क्रू घ्या. प्लास्टिकमध्ये पुरलेला पितळी नटच फिरत असेल तर स्क्रूच्या डोक्यावर आयर्न टेकवा. नट गरम होऊन भोवतीचं प्लास्टिक मऊ झालं की सरळ धरून गार होऊ द्या, तो पुन्हा धरतो.

सगळे स्क्रू आधी हाताने तीन-चार वळसे लावा, पॅनल हलवून भोकं जुळवा आणि मगच आवळा. एक पूर्ण आवळून दुसऱ्याचं भोक ओढून जुळवलं तर तो ताण कायमचा पॅनलमध्ये राहतो. धातूतल्या बोल्टांसाठी ढोबळ आकडे असे: ५ ला ५ न्यूटन-मीटर, ६ ला १०, ८ ला २२. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावलं असेल तर थोडा कमी जोर द्या, कारण घर्षण घटल्यावर तोच आकडा बोल्टला जास्त ताणतो. किनारपट्टीवर, खाऱ्या हवेत चालणाऱ्या गाडीला हे लावणं गरजेचंच आहे. लोखंड आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की पांढरी भुकटी धरते, आणि पुढच्या वर्षी तोच स्क्रू पुन्हा अडतो.

इंजिन कव्हरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो, कव्हर दाबलं जात नाही, आणि आणखी आवळल्यावर आटे किंवा भोकाची भिंत जाते. खोक्याच्या पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि प्रत्येक स्क्रू काढल्याबरोबर त्याच्या जागी पुठ्ठ्यात खोचा. बसवताना सगळे स्क्रू भोकांत नुसते सोडले की प्रत्येकाचं डोकं कव्हरच्या वर सारख्याच उंचीवर राहिलं पाहिजे. एखादा उंच किंवा बुटका दिसला तर जागा चुकली आहे, पाना हातात घ्यायच्या आधी ती शोधा.